माल वेळेत पोहोचला

घाटमाथ्यावरच्या माचणे गावात एक भोळा क्लीनर होता. भोळा हा त्याच्या बहिणीचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, पण ही गोष्ट पोरांसमोर वाचायची असल्यामुळे तो इथं लिहिता येत नाही. त्याचं नाव कोंडीबा. वय बत्तीस. अंगानं दणकट, मनानं निर्मळ. खोड एकच, सांगितलेलं ऐकायचा. सांगितलेलं न ऐकणारी माणसं जगात पुष्कळ आहेत आणि त्यांचं उत्तम चाललंय. कोंडीबा शब्दन् शब्द ऐकायचा. आज ऐकायचा आणि उद्या करायचा.

गिरणीवरून, हॉटेलातून आणि वीटभट्टीवरून त्याला काढून झाल्यावर आक्कानं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, त्याला आपल्या नवऱ्याच्या ट्रकवर चढवलं. नवऱ्याचं नाव दौलू. गावात ट्रक एकच, त्याचा मालक दौलू आणि ड्रायव्हरही दौलूच. माचण्यात पिकणारा टोमॅटो, कोबी, बटाटा सगळा त्याच्या ट्रकातून घाट उतरायचा आणि गावाला लागेल ते सगळं त्याच ट्रकातून घाट चढायचं. दौलूला कोंडीबा नको होता. पण बायकोच्या सख्ख्या भावाला कामावरून काढल्यावर जेवायचं कुणाकडे, हा प्रश्न होता.

आता कोंडीबाला नोकरी टिकवायची का पडली होती, ते सांगतो. घाटाच्या पायथ्याला तळसुरे नावाचं गाव आहे. तिथल्या बाळकूनानांची मुलगी सगुणा आठवडी बाजारात वांगी विकायला बसायची. कोंडीबानं तिला विचारलं, वांगी कोवळी आहेत का. ती म्हणाली, खाऊन बघा. कोंडीबानं तिथंच उभ्या उभ्या एक कच्चं वांगं देठासकट खाल्लं आणि कोवळं असल्याचं सांगितलं. सगुणा हसून हसून वांग्यांच्या ढिगावर कलंडली. घरी जाऊन बापाला म्हणाली, मला हाच नवरा चालेल, हा जन्मात खोटं बोलायचा नाही. कोंडीबाला तर ती इतकी आवडली, की पुढं कितीतरी दिवस तो भरल्या वांग्याला हात लावीना. त्याला कच्चंच पाहिजे असायचं.

नाना विचारी माणूस. त्यांनी चौकशी केली, तीन ठिकाणांहून हाकललेला आहे हे कळलं, आणि त्यांनी अट घातली.

"दौलूच्या हाताखाली टिकू द्या," नाना म्हणाले. "लग्न लागंपतूर दौलूची एक तक्रार माझ्या कानावर आली, तर पोरगी न्हाई."

तिथल्या तिथं आक्कानं दौलूकडे असं काही पाहिलं, की दौलूची तक्रार करायची सोय कायमची गेली. आता त्याला एकच वाट उरली. कोंडीबाला शिकवायचं.

पहिली खेप टोमॅटोची. घाटातल्या देवीच्या वळणावर सगळ्या गाड्या चहाला थांबतात. दौलू उतरला आणि कोंडीबाला म्हणाला, मालाकडं बघत बस. कोंडीबा बघत बसला. डोंगरावरून माकडं आली, क्रेट उपसले, टोमॅटो खाल्ले, उरलेले एकमेकांना फेकून मारले. दौलू परत आला तेव्हा चार क्रेट रिकामे होते आणि कोंडीबाची नजर मालावरून हललेली नव्हती. दौलूनं विचारलं, तू काय करत होतास.

"बघत हुतो की," कोंडीबा म्हणाला. "चौतीस माकडं हुती. त्यातलं एक दोनदा येऊन गेलं."

दौलूनं कपाळाला हात लावला आणि शिकवलं. माल कधी उघडा ठेवायचा नाही. वरून ताडपत्री टाकायची, चारी बाजूंनी रस्सीनं आवळायची. आत वारासुद्धा शिरता कामा नये. कोंडीबानं मान डोलावली. दाजी बोलले ते त्याला मनापासून पटलं.

दुसरी खेप शेळ्यांची. धनगरवाड्यावरच्या ठकूबाईच्या बावीस शेळ्या बाजाराला न्यायच्या होत्या. दौलू पुढं बसून ठकूबाईशी भाडं ठरवत होता, तोवर कोंडीबानं ताडपत्री टाकली आणि पाय देऊन देऊन रस्सी आवळली. ट्रक घाट उतरून सपाटीला लागला तरी मागून आवाज नाही. बावीस शेळ्या एकदम गप्प बसत नाहीत, हे ठकूबाईला माहीत होतं. तिनं गाडी थांबवायला लावली. ताडपत्री काढली तर शेळ्या डोळे पांढरे करून एकमेकींना टेकून उभ्या. वारा लागल्यावर त्या हळूहळू भानावर आल्या. एक शेळी खाली उडी मारून सरळ केबिनमध्ये शिरली, दौलूच्या सीटवर बसली आणि काही केल्या उठेना. ठकूबाईनं दौलूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बिचाऱ्याला त्यातल्या तीनच माहीत होत्या.

मग दौलूनं शिकवलं. अरे, हा जिवंत माल. ह्याला वारा लागू द्यायचा. वर चारा टाकायचा. गाडी थांबेल तिथं पाणी पाजायचं.

तिसऱ्या खेपेला देवळाच्या रंगकामासाठी कळीचा चुना आणायचा होता. वीस पोती. कोंडीबानं ताडपत्री घडी घालून बाजूला ठेवली, पोत्यांची तोंडं सोडली, वर कडब्याच्या दोन पेंढ्या पसरल्या, आणि गाडी जिथं थांबली तिथं प्रेमानं दोन दोन बादल्या पाणी घातलं. ज्यानं कळीचा चुना विरताना पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. ज्यानं पाहिला नाही त्यानं एवढंच समजावं, की त्यात पाणी पडलं की तो रटरटा शिजायला लागतो. तिसऱ्या थांब्यावर पोती हलायला लागली आणि त्यांतून वाफा निघाल्या. कोंडीबा धावत पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"दाजी," तो म्हणाला, "श्वास सुरू झाला ह्येचा."

तोवर वरचा कडबा पेटला. दोघांनी फावड्यानं माती टाकून आग विझवली आणि उरलेला चुना खरवडून गावात नेला. देवळाची पुढची भिंत पांढरी झाली, मागची अजून तशीच आहे. देव पुढं तोंड करून बसलेला असल्यामुळे त्याची काही हरकत आली नाही.

दौलूच्या भुवया जळल्या होत्या. त्या अवस्थेत त्यानं शिकवलं. माल कोरडा ठेवायचा. पाण्याचा थेंब दिसला की पुसायचा. जास्तच भिजलेला दिसला तर उन्हात पसरायचा.

आणि चौथी खेप नेमकी बर्फाची आली. त्याला कोंडीबा काय करणार? गावच्या डेअरीचं यंत्र बंद पडलं होतं, दूध नासायला लागलं होतं, म्हणून खालून बर्फाच्या बारा लाद्या भुसा घालून गोणपाटात गुंडाळून आणायच्या होत्या. अर्ध्या वाटेवर दौलूच्या डोळ्यावर झापड आली, तो झाडाखाली गाडी लावून घटकाभर लवंडला. कोंडीबानं मागं जाऊन पाहिलं तर माल भिजलेला. त्यानं अंगातला सदरा काढून लाद्या पुसल्या. पुसल्या तेवढ्या पुन्हा भिजल्या. असला हट्टी माल त्यानं आजवर पाहिला नव्हता. शेवटी त्यानं एकेक लादी उचलून रस्त्याकडेच्या काळ्या कातळावर उन्हात मांडली, आणि पाळीपाळीनं दोन्ही अंगांनी परतली.

डेअरीत पोहोचले तेव्हा बारा गोणपाटं होती, नीट वाळवून घडी घातलेली. दूध गेलं ते गेलंच. त्या दिवशी माचण्यात घरोघर नासलेल्या दुधाचा कलाकंद झाला आणि पोरांनी कोंडीबाला आशीर्वाद दिले. डेअरीचा सेक्रेटरी मात्र म्हणाला, बर्फ होता ह्याचा पुरावा काय. दौलूकडे पुरावा नव्हता. मग त्यानं कोंडीबाला समोर बसवून शिकवलं. माल उतरवायच्या आधी समोरच्याकडून पोहोच घ्यायची. कागदावर लिहून घ्यायचं, माल चांगल्या स्थितीत मिळाला, खाली सही. सही नाही तर गाडीच्या मागचा फाळका उघडायचा नाही, समोर कोणी का असेना.

पाचव्या खेपेला हणमंतआबा आले. आबा माचण्यातलेच, ऐंशीच्या पुढचे. तालुक्याच्या दवाखान्यात वारले. घाट चढायला दुसरं वाहन मिळेना, म्हणून दौलूनं त्यांना ट्रकात घेतलं आणि एक पैसा मागितला नाही. माणूस चांगला होता दौलू, उगाच त्याची चेष्टा होते. कोंडीबा वाटभर आबांच्या उशाशी बसून राहिला. ट्रक गावात आला तेव्हा दारासमोर सगळा गाव जमलेला, बायका रडताहेत, आबांचा लेक पुढं धावतोय. कोंडीबा फाळक्याला पाठ लावून उभा राहिला आणि त्यानं खिशातून कागद काढला.

"आधी सही," तो म्हणाला.

लेकाला कळेना. कोंडीबानं त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, माल चांगल्या स्थितीत मिळाला. रडणं थांबलं. तेव्हा आबांची बायको काशीबाई काठी टेकत पुढं आली. पन्नास वर्षं तिनं आबांची दारू, जुगार आणि दमा सोसला होता. तिनं कागद घेतला, पुन्हा एकदा वाचायला लावला आणि अंगठा उमटवला.

"जल्मभर न्हवता," काशीबाई म्हणाली. "आता हाय म्हणायचा."

पुष्कळ लोकांनी तोंडाला पदर आणि उपरणी लावली. त्यातले सगळे काही रडत नव्हते. दौलूला मात्र भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं कोंडीबाला बाजूला ओढलं. म्हणाला, अरे, अशा घरी गेलं की मान खाली घालायची. घरच्या कर्त्या माणसाचे हात हातात घ्यायचे. म्हणायचं, झालं ते लई वाईट झालं, पर कुणाच्या हातात न्हाई, आता धीर धरा.

त्यानंतर चारच दिवसांनी तळसुऱ्याला सुपारी फोडायची होती. कोंडीबा, आक्का आणि दौलू नवे कपडे घालून नानांच्या ओसरीवर बसले. सगुणा पोह्यांच्या बशा घेऊन आली. तिला पाहताच कोंडीबा उठला, मान खाली घातली, नानांचे दोन्ही हात हातात घेतले आणि जड आवाजात म्हणाला, "झालं ते लई वाईट झालं. पर कुणाच्या हातात न्हाई. आता धीर धरा."

सगुणा बशा टाकून आत पळाली आणि आतून तिचं हसणं ऐकू यायला लागलं. आक्कानं डोळे मिटून घेतले. दौलू चपला शोधायला लागला. पण नानांचे डोळे भरून आले. पोरीला लहानपणापासून आईवेगळी वाढवली होती त्यांनी, आणि ती आता घर सोडून जाणार म्हणून आठ दिवस त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. हे आजवर कुणी ओळखलं नव्हतं.

"बरुबर बोललास बाबा," नाना म्हणाले. "लई समज हाय पोराला."

मार्गशीर्षातली तारीख ठरली, दुपारी बारा बावीसचा मुहूर्त धरला, आणि निघताना नानांनी तक्रारीची अट पुन्हा एकदा बजावली. नानांना काही का वाटेना, आक्का सख्खी बहीण होती, भावाला ओळखून होती. घरी आल्यावर तिनं भावाला शिकवलं. आनंदाच्या वेळी असं सुतकी तोंड करायचं नसतं. हसत राहायचं. आल्यागेल्याला या, बसा म्हणायचं. कुणाला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही.

कोंडीबाला तर लग्न ठरल्यापासून सगळेच दिवस आनंदाचे होते. अशाच एका आनंदाच्या दिवशी कोबी भरून जाताना भर घाटात ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. दौलू एसटीनं खाली मेस्त्री आणायला गेला. कोंडीबा रस्त्यात उभा राहिला आणि हसत राहिला. जी गाडी आली तिला हात केला. या म्हणाला, बसा म्हणाला, आणि प्रत्येकाला एक एक कोबी दिला. दोन एसट्या गेल्या, शाळेची सहल गेली, एक भजनी मंडळ गेलं. भजनी मंडळाला त्यानं आग्रह करून दोन दोन दिले. तीन तासांनी दौलू मेस्त्रीला घेऊन परतला तेव्हा ट्रकात एक कोबी होता.

"त्यो मेस्त्रींना ठेवलाय," कोंडीबा म्हणाला.

दौलू रस्त्यावरच मांडी घालून बसला. तक्रार त्याच्या अगदी ओठावर आली होती. आक्काचं तोंड आठवून त्यानं ती गिळली. मग त्यानं एकेक बोट मोडत, सावकाश, शेवटचं शिकवलं. ते त्याच्याच शब्दांत दिलेलं बरं.

"गाडी अडली की माल अडकवायचा न्हाई. मागनं पयली जी गाडी यील तिच्यात सगळा माल चढवायचा. नग मोजायचं. डायवरची सही घ्यायची. गाडीच्या बाडीवर दोन थापा मारायच्या आन् पुढं धाडायचा. माल वेळंत पोचला पायजे, गाडी कुणाची का असंना. आन् क्लीनरनं गाडीपासनं हलायचं न्हाई. मी आल्याबिगर न्हाई. परमेश्वर आला तरी न्हाई."

कोंडीबानं ते पाठ केलं. कोबीवाल्यांची समजूत दौलूनं कशी घातली ते त्याचं त्याला माहीत. नानांच्या कानावर काही गेलं नाही, आणि लग्नाचा दिवस उजाडला.

सकाळी नऊला वऱ्हाड निघालं. मागं सगळी मंडळी, पुढं केबिनमध्ये दौलू, भटजी आणि नवरदेव. नवरदेवाच्या डोक्याला फेटा, त्यावर बाशिंग, कपाळाला मुंडावळ्या, खांद्यावर शेला. कोंडीबा एवढा देखणा दिसत होता, की ठकूबाईनंसुद्धा त्याच्यावरून बोटं मोडली. निम्मा घाट उतरला आणि गाडीच्या पोटात काहीतरी कडाडलं. ट्रक जागच्या जागी बसला. दौलूनं खाली वाकून पाहिलं, शिवी दिली, दुधवाल्याची मोटरसायकल थांबवली आणि मागं बसला. म्हणाला, मेस्त्रीला घेऊन आलोच, तोवर गाडीचं बघ.

वऱ्हाडात घबराट झाली. दहा वाजून गेले. आक्का मागून पुन्हा पुन्हा वेळ विचारायला लागली. सगळ्या वऱ्हाडात घाबरला नव्हता तो फक्त कोंडीबा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काय करायचं ते अचूक माहीत होतं.

साडेअकराच्या सुमारास मागून पहिली गाडी आली ती भैरूची. भैरू वरच्या अंगाच्या एका गावचा ड्रायव्हर, भात न्यायला रिकामा ट्रक घेऊन खाली निघालेला. कोंडीबानं त्याला थांबवलं आणि माल चढवायला घेतला. नग मोजले. माणसं एकेचाळीस, भटजी धरून. सनई एक, संबळ एक. नवरीच्या शालूची पेटी. मंगळसूत्राची डबी. तांब्याचा हंडा. लाडवांच्या पाट्या सहा. हे सगळं त्यानं लग्नपत्रिकेच्या मागं लिहिलं. म्हाताऱ्यांना त्यानं उचलून चढवलं, बायकांना हात दिला, आक्काला तर अगदी जपून. भावानं पुढं भटजींशेजारी बसायचं, हे आक्का सांगायची राहिली. एवढं काय सांगायचं असतं, असं तिला वाटलं. तिची तेवढीच चूक.

सगळं चढल्यावर कोंडीबानं यादी पुन्हा वाचली आणि त्याच्या लक्षात आलं, की लग्नाचा काही माल अजून त्याच्याच अंगावर आहे. त्यानं फेटा काढला, बाशिंग काढलं, मुंडावळ्या सोडल्या, शेला घडी घातला, आणि सगळं नेऊन भैरूला दिलं. भैरू म्हणाला, ठेवू कुठं, सीटवर भटजी, त्यांच्या मांडीवर डबी आणि पेटी, पायाशी हंडा. कोंडीबा म्हणाला, अंगावर चढवा, म्हणजे चुरगळायचं नाही. भैरूला ते पटलं. ड्रायव्हर लोकांना मालाची काळजी असतेच. भटजींना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि चष्मा घरी राहिला होता. बाशिंग बांधलेला माणूस स्टिअरिंगवर बसलेला पाहून ते मनात म्हणाले, हल्ली नवरे स्वतः गाडी चालवतात.

भैरूनं सही केली. कोंडीबानं फाळका लावला, चालत पुढं गेला, बाडीवर दोन थापा मारल्या. ट्रक निघाला. मागं वाजंत्री सुरू झाली आणि बायका गाणी म्हणायला लागल्या.

कोंडीबा चाकाला टेकून बसला. बारा बावीस झाले तेव्हा तो उठून उभा राहिला. आता सगुणा अंतरपाटापाशी हार घेऊन उभी असेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला फार आनंद झाला. सगळा माल वेळेत गेला होता. खिशात चार अक्षता राहिल्या होत्या, त्या त्यानं ट्रकवर टाकल्या.

दुपारी दोनला दौलू मेस्त्रीला घेऊन आला. त्यानं रिकाम्या ट्रकाकडे पाहिलं, मग कोंडीबाकडे पाहिलं, मग पुन्हा ट्रकाकडे. कोंडीबानं पत्रिका पुढं केली, मागच्या बाजूनं. दौलूनं यादी वाचली, सही वाचली. मेस्त्रीला म्हणाला, तू तुझं काम कर, आणि दरीकडे तोंड करून विड्या ओढत बसला.

चार वाजता खालून भैरूचा ट्रक वर आला आणि शेजारी येऊन थांबला. सनई वाजत नव्हती. मागं आक्का बसली होती, तिचे डोळे सुजले होते. तिनं दौलूला झालं ते सांगितलं. ट्रक मांडवासमोर थांबला तसा नानांकडच्या लोकांनी बाशिंगवाल्याला खाली उतरवून पाटावर नेऊन बसवला. मागचा फाळका उघडून वऱ्हाड उतरेपर्यंत त्याचे पाय धुऊन झाले होते. आक्कानं आरडाओरडा केला तेव्हा कुठं नवरदेव हरवल्याचं सगळ्यांना कळलं. मोटरसायकल घाटात पाठवायची तर वेळ उरला नव्हता, भटजी थांबेनात. नानांनी हळद लागलेल्या पोरीकडे पाहिलं आणि भैरूला तीन गोष्टी विचारल्या. लग्न झालंय का. नाही म्हणाला, गाडीवरून वेळच मिळाला नाही. घरदार कुठलं. तेही पटण्यासारखं निघालं. एका गाडीवर किती वर्षं टिकलास. अकरा. नानांनी सगुणाला विचारलं, आणि सगुणानं खूप वेळ रस्त्याकडे बघून होकाराची मान हलवली.

ती आता भैरूच्या केबिनमध्ये त्याच्याशेजारी बसली होती, शालू नेसून. कोंडीबा खिडकीखाली जाऊन उभा राहिला.

"बारा सव्वीसपतूर वाट बघितली तुमची," सगुणा म्हणाली. "का न्हाई आलासा?"

"क्लीनरनं गाडीपासनं हलायचं नसतं," कोंडीबा म्हणाला.

सगुणाला हसू आलं नाही. ह्या माणसाच्या बोलण्यावर हसू न येण्याची ही तिची पहिलीच वेळ. तिचा चेहरा पाहून कोंडीबाचा हात कपाळाकडे गेला, पण कशासाठी हे त्याला उमगेना. मग त्याला कामाची आठवण झाली. तो मागं गेला आणि त्यानं नग मोजले. एकदा मोजले, दोनदा मोजले. पत्रिका काढून यादीशी ताडून पाहिले आणि पुन्हा खिडकीशी आला.

"येक नग जादा आलाय," तो भैरूला म्हणाला. "धाडले एकेचाळीस. आले बेचाळीस, तुम्हाला सोडून. ह्या बाई यादीत न्हाईत. ह्येंची पोच तुम्हीच लिवा."

भैरूनं पत्रिका घेतली. त्यानं लिहिलं, एक नग चांगल्या स्थितीत मिळाला, आणि खाली सही केली. कोंडीबानं ती नीट तपासली. मग त्यानं वऱ्हाड आपल्या ट्रकात उतरवून घेतलं, हंडा घेतला, लाडवांच्या पाट्या मोजून घेतल्या, एक रिकामी होती तिची नोंद केली, आणि भैरूच्या बाडीवर दोन थापा मारल्या. ट्रक सगुणाला घेऊन वरच्या वळणाआड गेला.

कोंडीबा हात झटकत दौलूकडे आला. त्याचा चेहरा उजळला होता.

"दाजी, खरं सांगा. ह्या खेपंला काय तक्रार?"

दौलूनं त्याच्याकडे पाहिलं. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंतच्या सगळ्या खेपा त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या. माल मोजून गेला होता, वेळेत पोहोचला होता, सह्या होत्या, आणि क्लीनर जागचा हलला नव्हता.

"न्हाई बाबा," दौलू म्हणाला. "येक बी न्हाई."

"मग नानांना निरोप धाडा," कोंडीबा म्हणाला. "म्हणावं, आता द्या पोरगी."